अलास्का महामार्गावर खरंच एवढी जनावरं दिसतात का?

डिचोलीकर
नमस्कार मंडळी. थोरला भाऊ कॅनडात एडमंटनला असतो. पुढच्या वर्षी आई-बाबांना घेऊन त्याच्याकडे जायचं घाटतंय आणि त्याने आतापासूनच अलास्का महामार्गाचा धोशा लावलाय. एडमंटनहून डॉसन क्रीक, तिथे शून्य मैलाचा खांब, मग फोर्ट नेल्सन, मंचो तलाव, लिआर्डचे गरम पाण्याचे झरे, वॉटसन लेक आणि शेवटी व्हाइटहॉर्स. प्रत्यक्ष अलास्कात शिरायचं नाही, अमेरिकेच्या व्हिसाचा उपद्व्याप कोण करणार.

भाऊ म्हणतो, गाडीतून उतरायचीसुद्धा गरज नाही. अस्वलं, मूस (ते मोठं हरीण), बायसन, रानमेंढ्या, सगळी रस्त्याच्या कडेला. बाबांचा यावर काडीचा विश्वास नाही. त्यांची सगळी नोकरी गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या शाळांमध्ये गेली. रोज रानातून येणं-जाणं, तरी बिबटा दिसला तो भिंतीवर रंगवलेलाच. त्यांचं म्हणणं, "जनावर रस्त्यावर येऊन उभं राहत असेल तर ते रान नव्हे, सर्कस."

तर जाऊन आलेल्यांनी सांगावं. खरंच दिसतात, की फोटोवाले महिनाभर तळ ठोकून बसतात तेव्हा एखादं दिसतं? जून बरा की सप्टेंबर? आईचे गुडघे दुखतात, फार चालणं जमणार नाही.

सुशेगाद_फोंडेकर
चोर्ला घाटात जा रे. माकडं हमखास. व्हिसा नको, गुडघे नकोत.

म्हापसेकर_खवय्या
+१. वाटेत साखळीला भाजी-पाव पण होतो. तिकडे काय मिळणार?

उत्तरेचा_ट्रकवाला
मी मूळचा पेडण्याचा. गेली काही वर्षं फोर्ट सेंट जॉनहून व्हाइटहॉर्सकडे माल नेतो, म्हणजे तुम्ही ज्याला सहल म्हणताय ती आमची ड्युटी.

दिसतात. पण कुठे काय दिसतं हे माहीत हवं, नाहीतर डॉसन क्रीक ते फोर्ट नेल्सन हा साडेचारशे किलोमीटरचा पट्टा बघून तुम्ही भावाला शिव्या घालाल. त्यात शेतं, गॅसच्या विहिरी, लाकडाचे ट्रक आणि सपाट जंगल. तिथे एखादं काळं अस्वल किंवा पहाटे डबक्यात उभी असलेली मूस दिसली तर नशीब.

खरी मजा फोर्ट नेल्सन सोडल्यावर. रस्ता डोंगरात चढतो, स्टोन माउंटनच्या उद्यानात समिट खिंड लागते. १,२९५ मीटर, सबंध महामार्गावरची सगळ्यात उंच जागा. तिथे आणि पुढे मंचो तलावाच्या कडेला स्टोन शीप, म्हणजे काळपट राखाडी रानमेंढ्या, रस्त्यावरच येतात. त्यांना मीठ आणि खनिजं हवी असतात, ती डोंगराच्या मातीत असतात तशी रस्त्याच्या कडेलाही मिळतात. कॅरिबू ही हरणंसुद्धा याच पट्ट्यात. मग लिआर्डच्या आसपासपासून वॉटसन लेकपर्यंत वुड बायसन. यांचं मी वेगळं सांगत नाही, ते स्वतःच दर्शन देतात. भर दुपारी, कळपाने, रस्त्याच्या मधोमध.

ग्रिझली अस्वल कमी दिसतं. लांडगा दिसला तर लॉटरीचं तिकीट काढा.

डिचोलीकर
ट्रकवाले बाब, देव बरें करूं! बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले, "बायसन म्हणजे आपला गवा का?"

रानवाट
काका, चुलतभाऊ म्हणा. दोघेही रानटी गुरंच. गवा आपला राज्यप्राणी, 'गवो रेडो'. वुड बायसन हा उत्तर अमेरिकेतला जमिनीवरचा सगळ्यात जड प्राणी, मोठा नर नऊशे किलोच्या आसपास. आपला मोठा गवाही त्याच मापाचा, पण तो काळाभोर, गुळगुळीत, पायात पांढरे मोजे. बायसन झिपरा, पुढून जड आणि मागून अगदीच किडकिडीत.

एक मात्र सांगतो. तुमच्या बाबांचं सर्कशीचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. या रस्त्यावर जनावरं एवढी दिसतात त्याचं कारण रान नाही, रस्ता आहे. महामार्गाच्या दोन्ही बाजूंना रुंद पट्टे साफ ठेवलेले असतात. झुडपं वाढू देत नाहीत, म्हणजे चालकाला लांबचं दिसावं आणि बर्फ सरकवायला जागा मिळावी. झाडं नाहीत, म्हणून तिथे ऊन पोचतं. ऊन पोचतं, म्हणून गवत आणि क्लोव्हर आधी उगवतं. उत्तरेत सहा-सात महिने हिवाळा. मे महिन्यात भुकेलं अस्वल बिळातून बाहेर आलं की त्याला पहिला हिरवा घास मिळतो तो या पट्ट्यात. पिवळ्या डँडेलियनच्या फुलांवर अस्वलं गुरांसारखी चरतात. बायसनला तर असा पट्टा म्हणजे शेकडो किलोमीटर लांब कुरणच.

आपल्याकडे चोर्ल्याचं किंवा अनमोड घाटातलं रान रस्त्याला येऊन टेकतं. चार हातांवर गवा उभा असेल तरी तुमची गाडी निघून जाईल आणि तुम्हाला पत्ता लागणार नाही. काकांना बिबटा दिसला नाही. बिबट्याला काका रोज दिसले असतील.

म्हादई_काठ
रानवाट, शेवटचं वाक्य फ्रेम करून लावतो. 😄

पण तुमचं बाकीचं पटलं नाही. मूळ कारण सरळ आहे, तिथे माणूसच नाही. व्हाइटहॉर्स ज्यात येतं त्या युकॉन प्रदेशाचं क्षेत्रफळ ४ लाख ८२ हजार चौरस किलोमीटर आणि लोकवस्ती पंचेचाळीस हजारांच्या घरात, त्यातले बहुतेक व्हाइटहॉर्समध्ये. आपला गोवा ३,७०२ चौरस किलोमीटर आणि २०११च्या जनगणनेत साडेचौदा लाख. इथे जनावराने दिवसा बाहेर पडायची हिंमत करायची कशी? पट्टे साफ केले तरी तुम्हाला तिथे बिअरच्या बाटल्याच दिसतील.

रानवाट
बाटल्यांचं मान्य. वस्तीचंही काही अंशी मान्य. पण तिकडेही शिकार होते, परवाने काढून रीतसर होते, आणि जनावर माणसाला चांगलं ओळखून असतं. तरी ते रस्त्यावर येतं. माणूस कमी म्हणून जनावर टिकलं, पट्टा हिरवा म्हणून ते काचेतून दिसलं. दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि ते पट्टे फुकट नाहीत. ट्रकवाले सांगतील.

उत्तरेचा_ट्रकवाला
सांगतो, पण आनंदाने नाही.

लिआर्डच्या बाजूचा बायसनचा कळप १९९०च्या दशकात मुद्दाम आणून सोडलेला. वुड बायसन एकेकाळी संपलाच असं धरून चालले होते, म्हणून हे प्रयत्न. सोडले आत रानात, पण त्यांना महामार्गाचं गवत सापडलं आणि ते तिथेच रमले. आता या कळपातली जनावरं मरतात त्यात गाड्यांचा वाटा फार मोठा आहे. हिवाळ्यात तर रस्ताच त्यांची पायवाट. बर्फ साफ केलेला, कठीण, चालायला सोपा. रात्री काळा डांबर, काळं जनावर, तेही खाली मान घालून उभं. दिव्यात काही चमकतच नाही.

मूसचं आणखी वाईट. पाय एवढे लांब की गाडीचा धक्का पायांना बसतो आणि धड सरळ काचेवर येतं. रात्री हा रस्ता हौसेने चालवू नका. जूनमध्ये तशी वेळच येत नाही म्हणा, व्हाइटहॉर्सला एकोणीस तास ऊन आणि उरलेल्या वेळातही नीट काळोख होत नाही.

सुशेगाद_फोंडेकर
एकोणीस तास ऊन? मग दुपारची वामकुक्षी कधी घ्यायची? हा देश गोंयकारांसाठी नाही.

पर्वरीची_पूर्वा
मी जाऊन आलेय, नवऱ्याबरोबर, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात. आणि मी इथे वाईटपणा घेणार आहे. मला कंटाळा आला.

लोक सांगत नाहीत, पण बहुतेक वेळ झाडंच असतात. किडकिडीत, काळसर स्प्रूस, एकाला झाकावा आणि दुसऱ्याला काढावा. मग वळण. मग परत तीच झाडं. मोबाइलला रेंज नाही, रेडिओ नाही, पुढचा पंप शंभर किलोमीटरवर आणि तिथल्या बाथरूमला 'ग्राहकांसाठीच' अशी पाटी. मंचो तलाव मात्र खरंच सुंदर. हिरवट निळं पाणी, रस्ता अगदी काठाने जातो. आणि लिआर्डचे झरे. बस्स. या दोन गोष्टींसाठी एवढं दूर जायचं का ते ज्याचं त्याने ठरवावं.

जनावरं? बायसन भरपूर. अस्वलं दोन, दोन्ही पाठमोरी. पण तोवर अ‍ॅस्पेनची झाडं पिवळीधमक झाली होती आणि एका रात्री आकाशात हिरवा प्रकाश नाचला, तेवढ्यावर मी नवऱ्याला माफ केलं.

डिचोलीकर
पूर्वाताई, हेच ऐकायचं होतं. सगळे आहा-ओहो करतात तेव्हा शंका येते. म्हणजे ध्रुवीय प्रकाश हवा तर सप्टेंबर, जनावरं हवीत तर जून, असं का?

उत्तरेचा_ट्रकवाला
ढोबळमानाने तसंच. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत अस्वलं रस्त्याकडेला सगळ्यात जास्त, बायसनची तांबूस वासरं, मूसची पिल्लं. पण रात्र काळी होतच नाही, मग प्रकाश दिसणार कुठून. जून सरता सरता डास. जुलैत रस्त्याच्या कडेने जांभळट गुलाबी फायरवीड फुलतं, ते युकॉनचं राज्यफूल, त्याचे पट्टे बघण्यासारखे असतात. ऑगस्टअखेरपासून रंग आणि प्रकाश, पण समिट खिंडीत बर्फाची पहिली झुळूक येऊ शकते.

जे पुस्तिकेत नसतं ते सांगतो, धूर. आता उन्हाळ्यात वणवे लागतात आणि लागले की रस्ता बंद. मे २०२४ मध्ये अख्खं फोर्ट नेल्सन रिकामं करावं लागलं होतं. म्हणून मुक्काम आखताना एखादा दिवस मोकळा ठेवा आणि निघण्याआधी रस्त्याची स्थिती बघत जा. ब्रिटिश कोलंबिया प्रांतासाठी ड्राइव्ह बीसी आणि युकॉनसाठी ५११ ही संकेतस्थळं.

म्हापसेकर_खवय्या
सगळं झालं, मुद्द्याचं कोणी बोलत नाही. खायचं काय? आमचा एक मित्र कॅनडाला गेला तो सुक्या सुंगटांचं किसमूर डब्यात घेऊन. अस्वलाच्या मुलखात चालेल का?

उत्तरेचा_ट्रकवाला
😂😂 खवय्या बाब, अस्वलाचं नाक कुत्र्यापेक्षा तिखट. तंबूत किसमूर ठेवून झोपलात तर जेवायला तुम्ही एकटे नसाल.

थट्टा सोडा, पण हा नियम पक्का आहे. तंबूत खाण्याची कोणतीही वस्तू नको. टूथपेस्ट, साबणसुद्धा नको. सगळं गाडीत बंद, नाहीतर उद्यानात लोखंडी कपाटं असतात त्यात. कचऱ्याचे डबेसुद्धा अस्वलाला उघडता येणार नाहीत असे.

उसगावची_माई
माझी सून कॅलगरीला असते. तिने बाल्कनीत बांगडे तळले तर शेजारच्या बाईने आग विझवणाऱ्यांना बोलावलं. तुम्ही अस्वलाचं काय घेऊन बसलात.

म्हापसेकर_खवय्या
माई 🙏 हा वेगळा धागा काढा, प्लीज.

इतिहासवेडा_माशेल
अवांतर, पण रस्त्याची जन्मकथा माहीत असली तर ती स्प्रूसची झाडं कमी कंटाळवाणी वाटतील, पूर्वाताई.

डिसेंबर १९४१ मध्ये जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. अलास्का उरलेल्या अमेरिकेला जमिनीवरून जोडलेलाच नव्हता, म्हणून कॅनडातून लष्करी रस्ता काढायचं ठरलं. मार्च १९४२ मध्ये काम सुरू, ऑक्टोबरअखेरीस दोन्ही टोकं भिडली, २० नोव्हेंबर १९४२ला क्लुएन तलावाजवळच्या सोल्जर्स समिटवर फीत कापली. दहा हजारांहून जास्त सैनिक, त्यातले जवळपास एक तृतीयांश कृष्णवर्णीय पलटणींतले. तेव्हा अमेरिकी सैन्यात पलटणी वर्णावरून वेगळ्या होत्या. या लोकांना अनेकदा यंत्रं कमी, काम जास्त, आणि थंडी सगळ्यांना सारखीच.

यातली एक गंमत, म्हणजे त्यांच्यासाठी गंमत नव्हती. कायम गोठलेल्या जमिनीवरची शेवाळ-माती बुलडोझरने खरवडली की खालचा बर्फ वितळायचा आणि यंत्र चिखलात बुडायचं. शेवटी कळलं की शेवाळ जागच्या जागी राहू द्यायचं, त्यावर ओंडके आडवे टाकायचे आणि वरून भर घालायची. आजही बीव्हर क्रीकच्या बाजूला रस्ता लाटांसारखा वरखाली झालेला असतो, कारण तेच. पण तुम्ही व्हाइटहॉर्सहून परतणार, त्यामुळे कंबर वाचली.

आणि ज्यांच्या मुलखातून रस्ता गेला त्या मूळ रहिवाशांनी वाटा दाखवल्या. बदल्यात बाहेरून आलेल्यांबरोबर गोवर आणि डांग्या खोकला आला. टेस्लिनसारख्या वस्त्यांनी त्याची मोठी किंमत मोजली. शून्य मैलाच्या खांबाजवळ फोटो काढताना हे कोणी सांगत नाही.

म्हादई_काठ
माहितीपूर्ण. रस्ता आधी लष्करासाठी, मग व्यापारासाठी, मग 'पर्यटनासाठी'. आपल्याकडे क्रम उलटा असतो, पर्यटनाचं नाव पुढे आणि कोळशाची वाहतूक मागून. मोलेच्या रानातून रेल्वेचा दुसरा मार्ग जाणार होता, त्याची वन्यजीव मंजुरी मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली म्हणून तेवढं तरी वाचलं.

सुशेगाद_फोंडेकर
आलं, राजकारण आलं. धागा शतक गाठणार.

रानवाट
राजकारण नाही हो, विषय तोच आहे. रानातून रस्ता गेला की जनावराचं काय होतं.

तुम्ही वर चोर्ल्याची माकडं म्हणालात. त्या माकडांना लोक वळणावर गाडी थांबवून वेफर्स, केळी, वडापाव घालतात. आता ती गाडी दिसली की पळत नाहीत, पळत येतात. मागून येणारा ट्रक ब्रेक दाबतो किंवा दाबत नाही. तिकडे हाच प्रकार अस्वलाच्या बाबतीत झाला तर खात्याची माणसं येतात आणि अस्वलाला गोळी घालतात. कारण माणसाच्या हातचं खायला शिकलेलं अस्वल परत रानात नेऊन सोडलं तरी वस्तीकडेच येतं. म्हणून तिथे कोणी काचेतून बिस्किट टाकताना दिसला तर लोक तक्रार करतात. आपण व्हिडिओ काढतो.

डिचोलीकर, अंतराचं लक्षात ठेवा. कॅनडाच्या राष्ट्रीय उद्यानांचा नियम आहे, अस्वल आणि लांडगा यांच्यापासून किमान १०० मीटर, मूस-हरणांपासून ३०. महामार्गाला तोच धरून चाला. आणि बायसन गाईसारखा दिसतो म्हणून गाईसारखा वागत नाही. शेपटी वर उचलली की समजावं.

पर्वरीची_पूर्वा
हे अगदी खरं. आमच्यापुढे एक माणूस गाडीतून उतरून बायसनबरोबर सेल्फी काढत होता. नवरा म्हणाला, नक्की आपल्याकडचाच असणार. नव्हता. त्यामुळे मला उगाच बरं वाटलं.

धारगळचा_बाबू
एक प्रश्न. पोर्तुगीज पासपोर्ट असेल तर अलास्कात जाता येतं ना? आमच्या वाड्यावर आता निम्म्यांकडे आहे.

उत्तरेचा_ट्रकवाला
येतं. पोर्तुगाल अमेरिकेच्या व्हिसामाफीच्या यादीत आहे, पण आगाऊ ऑनलाइन परवानगी लागते. कॅनडासाठीही तशीच वेगळी परवानगी. भारतीय पासपोर्ट असेल तर दोन्ही देशांचे व्हिसा वेगवेगळे. डिचोलीकर, तुमचा बेत व्हाइटहॉर्सपर्यंतचाच आहे म्हणजे कॅनडाचा पुरे.

सुशेगाद_फोंडेकर
साडेचारशे वर्षं राज्य केलं त्याची एवढी तरी परतफेड.

डिचोलीकर
भावाशी बोललो. जूनवर एकमत होतंय. त्याचा प्रश्न, आल्या वाटेने परतायचं का? एडमंटनहून डॉसन क्रीक ५९० आणि तिथून व्हाइटहॉर्स १,४००च्या पुढे, म्हणजे एका बाजूने दोन हजार. अख्खा गोवा उत्तर-दक्षिण १०५ किलोमीटर. आईला हा आकडा अजून सांगितलेला नाही.

उत्तरेचा_ट्रकवाला
सांगू नका, फोर्ट नेल्सननंतर सांगा.

परतताना तीच वाट धरू नका. व्हाइटहॉर्सहून वॉटसन लेकच्या वीसेक किलोमीटर अलीकडे दक्षिणेला ३७ क्रमांकाचा रस्ता फुटतो, स्टुअर्ट-कॅसियर. सव्वासातशे किलोमीटर, अरुंद, ट्रक कमी, आणि काळी अस्वलं माझ्या अनुभवात अलास्का महामार्गापेक्षा जास्त. वाटेत मेझियाडिनला वळून स्टुअर्टकडे गेलात तर बेअर ग्लेशियर गाडीतूनच दिसतं. स्टुअर्टला लागून हायडर हे गाव आहे ते अलास्कात, तिकडे व्हिसाशिवाय जाऊ नका, परत येताना कॅनडाची चौकी आहे. मग खाली किटवांगा, तिथून १६ क्रमांकाने प्रिन्स जॉर्ज, जास्पर आणि घर. जास्परच्या गावाचा बराच भाग जुलै २०२४च्या वणव्यात जळाला, पण एल्क हरणं आणि मेंढ्या आहेत तिथेच.

गाडी भावाची आहे हे उत्तम. भाड्याच्या गाडीच्या करारात खडीच्या रस्त्याला मनाई असू शकते, आणि रस्ता पूर्ण डांबरी असला तरी उन्हाळ्यात दुरुस्तीमुळे मधे मधे खडी असतेच. समोरून ट्रक आला की वेग कमी करून उजवीकडे सरका. काचेला तडा जायचाच, तो टाळायला नव्हे, लहान ठेवायला. स्टेपनी पूर्ण मापाची घ्या, ते छोटं खेळण्यातलं चाक नको. टाकी अर्धी झाली की पंप दिसेल तिथे भरायची. फोर्ट नेल्सन ते वॉटसन लेक सव्वापाचशे किलोमीटरमध्ये पंप मोजके, आणि जो आहे तो त्या दिवशी उघडा असेलच असं नाही. भाव बघायचा नाही.

उसगावची_माई
आणि बायकांची सोय? पूर्वाने लिहिलंय ते वाचून मला आत्ताच घाम फुटला.

पर्वरीची_पूर्वा
माई, रस्त्याच्या कडेला विसाव्याच्या जागी कोरडे संडास असतात, पाणी नसतं. स्वच्छ असतात, आपल्या बसस्थानकांपेक्षा शंभर पटीने. सॅनिटायझर, कागद आणि पाण्याची बाटली जवळ ठेवायची. गुडघ्यांचं म्हणाल तर लिआर्डला गाडीतळापासून कुंडापर्यंत सपाट लाकडी पायवाट आहे, दलदलीवरून जाते. काकूंना सहज जमेल. झऱ्याचं पाणी ४२ ते ५२ अंश, म्हणून जिथून उकळतं येतं तिथे नाही, थोडं खालच्या अंगाला बसायचं. दलदलीत मूस चरायला येते म्हणतात. आम्हाला दिसली नाही, आमचं नशीबच तसलं.

कंटाळा आला म्हणाले खरं, पण त्या पाण्यासाठी मी परत जाईन.

इतिहासवेडा_माशेल
वॉटसन लेकला पाट्यांचं रान आहे. १९४२ मध्ये कार्ल लिंडली नावाच्या सैनिकाने घरच्या आठवणीने आपल्या गावाची, इलिनॉयमधल्या डॅनव्हिलची पाटी ठोकली. तेव्हापासून येणारा-जाणारा आपापली ठोकतो, आता हजारोंनी झाल्यात. डिचोलीची एक घेऊन जा.

धारगळचा_बाबू
जुन्या स्कूटरची नंबरप्लेट न्या. हलकी, फुकट, आणि वाहतूक खात्याला शोधायला तिथवर यावं लागेल.

म्हादई_काठ
एवढं सगळं वाचून माझा शेवटचा हट्ट. काकांना आधी इथलं दाखवा. उन्हाळ्यात, सकाळी लवकर, वाळपईच्या वरच्या अंगाला काजूच्या बागायतीत गवे उतरतात. जानेवारी २०२० मध्ये त्याच सत्तरीत, गोळावलीच्या रानात, चार वाघ मेलेले सापडले तेव्हा कुठे निम्म्या गोव्याला कळलं की आपल्याकडे वाघ आहेत. तीन वर्षांनी उच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करायला सांगितलं, त्यावर वाद चालूच. काचेतून दिसत नाहीत म्हणून नाहीत असं होत नाही.

रानवाट
म्हादई, हे मात्र शंभर टक्के मान्य. आणि पावसाळ्यात रात्री अनमोडला गाडी हळू चालवा रे सगळ्यांनी. बेडूक, चापडे साप, सगळं रस्त्यावर चिरडलेलं असतं. ते कोणी वन्यजीव दर्शनात धरत नाही.

डिचोलीकर
सगळ्यांचे आभार. बाबांना पूर्ण धागा वाचून दाखवला. रानवाट, बिबट्याचं वाक्य त्यांना जाम आवडलं, आता वाड्यावर प्रत्येकाला ऐकवत फिरतायत, तेही स्वतःचं म्हणून. ते यायला तयार आहेत, पण एक शेवटची शंका: बायसन रस्त्यात आडवा बसला तर हॉर्न वाजवायचा की नाही?

उत्तरेचा_ट्रकवाला
काका, नाही. गाडी लांब थांबवायची, इंजिन चालू, काचा वर, धोक्याचे दिवे लावायचे आणि बसून राहायचं. पाच मिनिटांत उठेल किंवा तासाभराने. हॉर्नने तो हलत नाही. मागचा ट्रकवाला मात्र चिडतो, आणि तो बहुतेक मीच असेन.